हौशी गळ, कोळ्याचे जाळे आणि सरता पावसाळा : मुंबईच्या किनाऱ्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने आरमार, बंदरे, व्यापार आणि परकीय सत्ता यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. मासेमारीचा विचार झाला तो बहुधा समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने. गळ टाकून मासा धरणे ही त्यातील फारच किरकोळ बाब मानली गेली. कोळ्याच्या दृष्टीने ते पूरक काम आणि शहरवासीयाच्या दृष्टीने तो रिकाम्या वेळचा छंद. तथापि शहर, समुद्र आणि कायदा यांचे संबंध कसे बदलत गेले हे पाहण्यासाठी ही किरकोळ बाब उपयुक्त ठरते, कारण किनाऱ्यावर उभा राहून गळ टाकणारा माणूस हवा, भरती, पाण्याचा रंग आणि पायाखालची जागा या चारही गोष्टींवर थेट अवलंबून असतो.

शनिशिंगणापूर, नेवासे, राहुरी या परिसरातील वाचकाला मासेमारी म्हटली की मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर किंवा जायकवाडीचा नाथसागर आठवणे स्वाभाविक आहे. येथील नद्या पूर्वेकडे वाहतात आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आहे. असे असले तरी अहमदनगरच्या (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगरच्या) इतिहासाला समुद्राची बाजू आहेच. चौल हे निजामशाहीचे महत्त्वाचे बंदर होते आणि त्या परिसरात पोर्तुगीजांशी निजामशाहीचा संघर्ष सोळाव्या शतकात पुनःपुन्हा झाला. घाटावरच्या राज्यकर्त्याला किनाऱ्याचे भान ठेवावे लागत असे. तेच भान आजच्या अभ्यासकानेही ठेवावे, ही या लेखामागील एक भूमिका आहे.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. (१) श्रावण व भाद्रपद या महिन्यांत मुंबईच्या किनाऱ्यावर मासेमारीची नैसर्गिक परिस्थिती कशी असते? (२) हौशी मासेमारी आणि उपजीविकेची मासेमारी हा भेद ऐतिहासिकदृष्ट्या कसा निर्माण झाला? (३) भराव, भिंती आणि बंदीच्या तारखा यांचा दोघांवर कोणता परिणाम झाला?

१. ऋतूचे नाव आणि समुद्राची स्थिती

युरोप आणि उत्तर अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबर हा उन्हाळ्याचा शेवट असतो. न्यूयॉर्कसारख्या शहरालगत या दिवसांत समुद्राचे पाणी कोमट, हवा बहुधा शांत आणि किनारा हौशी गळकऱ्यांनी भरलेला असतो. आपल्याकडे तेच आठवडे सरत्या पावसाळ्याचे आहेत. पाश्चात्त्य छंदसाहित्यातील ऋतुमान जसेच्या तसे आपल्या किनाऱ्याला लावता येत नाही, ही गोष्ट प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून-जुलैत अरबी समुद्र खवळलेला असतो. मिठी, उल्हास आणि ठाण्याची खाडी यांतून येणारा गाळ व गोडे पाणी किनाऱ्यालगत पसरते. त्यामुळे पाणी गढूळ होते आणि त्याची क्षारता घटते. श्रावणाच्या उत्तरार्धापासून वाऱ्याचा जोर ओसरू लागतो, पावसात उघडीप पडते आणि पाणी हळूहळू निवळते. खाडीच्या मुखाशी या काळात माशांची हालचाल वाढते. जिताड्यासारखा मासा पावसाळ्यात वीण करण्यासाठी खाडीमुखाकडे येतो. बोय व शिंगाळा हे मासे कमी-अधिक क्षारतेचे पाणी सहन करतात, म्हणून गढूळ पाण्यातही ते गळाला लागतात. रावस मात्र पाणी स्थिरावू लागल्यावर अधिक मिळतो, असा किनाऱ्यावरील अनुभव आहे.

दुसरा घटक भरतीचा आहे. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाच्या काळात भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार ते पाच मीटरपर्यंत फरक पडतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे गणित कोकणात सर्वपरिचित आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता भरतीची वेळ ढोबळमानाने तासांत मिळते, असा जुना आडाखाही आहे. पंचांग हे भरतीचे कोष्टकही होते, ही गोष्ट घाटावरच्या वाचकाने ध्यानात घ्यावी. शनिअमावास्येला शिंगणापुरात भाविकांची गर्दी लोटते, त्याच तिथीच्या सुमारास मुंबईच्या कठड्यांवर उधाणाच्या लाटा आदळत असतात. पाऊस आणि उधाण एकत्र आले की काय होते, हे २६ जुलै २००५ रोजी दिसले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि भरतीमुळे पाण्याचा निचरा रोखला गेला.

तिसरा घटक डोळ्यांना दिसत नाही. मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद वाजिह अहमद नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या प्रक्रियेविषयी लिहिले. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात प्राणवायूची जी तूट निर्माण होते, तिला नैसर्गिक कारणांबरोबर जमिनीवरून वाहून येणारी पोषकद्रव्येही हातभार लावतात, असे त्यांनी दाखवले. शेतातील नत्र नदीवाटे समुद्राला मिळते. त्यामुळे किनाऱ्याचा प्रश्न केवळ किनाऱ्यापुरता राहत नाही.

याच आठवड्यांत किनाऱ्यावर काही धोकेही असतात. निळ्या जेलीफिशचे थवे वाऱ्याबरोबर जुहूसारख्या किनाऱ्यांवर येतात. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटाचे काटे लागून अनेक भाविक जखमी झाले होते. उथळ पाण्यात पाकट वाळूत दडून बसतो, म्हणून पाय न उचलता सरकत चालावे, हे मासेमारी करणाऱ्यांना ठाऊक असलेले साधे शहाणपण शहराला त्या वर्षी नव्याने शिकावे लागले.

२. विनोद म्हणून मासेमारी : मानसोल्लासाची साक्ष

मासेमारीचा छंद इंग्रजांनी भारतात आणला, असा एक समज रूढ आहे. आयझॅक वॉल्टन याचा या विषयावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ सालचा आहे. त्याच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आलेले आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केला व त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदाकडे विज्ञानाच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या प्रकरणात माशांचे सागरी आणि नदीतील असे वर्गीकरण आहे. खवले असलेले व नसलेले हा भेदही केलेला आहे. तीसहून अधिक माशांची नावे, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, दोरी व काठी कशी असावी, मासा लागल्यावर त्याला कसे दमवावे, यांचे तपशील त्यात येतात. दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की हे ज्ञान राजाला स्वतःच्या अनुभवातून संपूर्णपणे मिळाले असणे संभवत नाही. माशांच्या सवयींचे इतके बारीक ज्ञान मासेमारीवर जगणाऱ्या समाजांकडूनच राजदरबारात आले असावे. दुसरी गोष्ट अशी, की ‘विनोद’ आणि ‘वृत्ती’ हा भेद साधनांत दिसत नाही. गळ तोच, आमिष तेच. भेद आहे तो गळ धरणाऱ्याच्या सामाजिक स्थानात. पुढील काळातील घडामोडी समजून घेताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

३. वसाहतकाळ : गोडे पाणी आणि खारे पाणी

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या छंदाने भारतीय मत्स्यकायद्याला आकार दिला. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास प्रांतातील सनदी अधिकाऱ्याचे भारतातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील माशांविषयीचा शासकीय अहवाल आला. दोघांनाही नद्यांमधील माशांच्या घटत्या संख्येची चिंता होती. या मंथनातून पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम झाला. सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास त्याने बंदी केली आणि सुरुंगाची बंदी किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंत लागू ठेवली. या कायद्याच्या केंद्रस्थानी मात्र नदीतील मासा होता, विशेषतः महसीर. समुद्राविषयी त्यात याहून फारसे काही नव्हते.

मुंबईतही हेच चित्र दिसते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या वर्तुळात शिकार व मासेमारी यांना मानाचे स्थान होते, परंतु संघटित छंदाचे केंद्र समुद्राऐवजी पवई तलाव हे बनले. पाणीपुरवठ्यासाठी १८९१ च्या सुमारास बांधलेला हा तलाव त्या कामासाठी फारसा उपयोगी ठरला नाही. विसाव्या शतकात तो हौशी गळकऱ्यांच्या संघटनेचे स्थान झाला. ज्या शहराला तिन्ही बाजूंनी खारे पाणी आहे, त्या शहराचा संघटित छंद गोड्या पाण्यात रुजला. यामागील कारणे तर्काने सांगता येतात. पावसाळ्याचे चार महिने समुद्र गढूळ व धोकादायक असे, परिचित मासे तेथे नव्हते आणि समुद्रकिनारा हा कोळ्यांच्या वहिवाटीचा प्रदेश होता.

सागरी मासेमारीकडे सरकारने पाहिले ते उत्पन्न आणि अन्नपुरवठा या दृष्टीने. डब्ल्यू. एच. लुकास यांचा मुंबई प्रांतातील मत्स्यव्यवसायावरील १९१० चा अहवाल, १९२१-२२ मधील ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरचा प्रयोग आणि एच. टी. सॉर्ले यांचा १९३३ मध्ये प्रकाशित झालेला अहवाल ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा रीतीने सरकारी दफ्तरात दोन स्वतंत्र कप्पे तयार झाले. गोड्या पाण्यातील मासा हा संरक्षणाचा आणि छंदाचा विषय ठरला, तर खाऱ्या पाण्यातील मासा उत्पादनाचा. कोळीवाड्यातील मुलगा ओहोटीच्या वेळी खडकावर बसून गरवतो, स्त्रिया कालवे व शिंपल्या गोळा करतात, पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना खाडीतील चिंबोऱ्यांवर घर चालते, या गोष्टींना कोणत्याच कप्प्यात जागा मिळाली नाही.

४. भराव आणि भिंत

मुंबईच्या किनाऱ्याची रेषा गेल्या अडीचशे वर्षांत पुनःपुन्हा बदलली. वरळीची खिंड बंद करणारा हॉर्नबी वेलार्ड १७८० च्या दशकात पूर्ण झाला. कुलाब्याचा जोडरस्ता १८३८ मध्ये आणि माहीमचा १८४५ मध्ये तयार झाला. बॅकबेच्या भरावाची पहिली सट्टेबाज योजना १८६५ च्या आर्थिक कोसळीत बुडाली. १९२० च्या दशकात ती पुन्हा हाती घेण्यात आली, तेव्हा तिच्यातील गैरव्यवहारांवर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कठोर टीका केली. या भरावातूनच मरीन ड्राइव्हचा कठडा उभा राहिला.

या घटनांचा विचार सामान्यतः जमिनीच्या अंगाने होतो. मासेमारीच्या अंगाने पाहिल्यास वेगळी गोष्ट लक्षात येते. उतरता वाळूचा किंवा चिखलाचा किनारा हा कोळ्याला आवश्यक असतो. त्यावर होडी ओढून घेता येते, जाळी वाळवता येतात, ओहोटीत कालवे वेचता येतात. उभी भिंत ही हौशी गळकऱ्याला सोयीची असते. भरतीच्या वेळी भिंतीच्या पायथ्याशी पुरेसे खोल पाणी येते आणि होडीवाचूनही तेथे गळ पोहोचतो. मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे येथे संध्याकाळी काठी घेऊन उभे राहणारे लोक दिसतात, ते या भिंतींमुळेच. ज्या बांधकामाने शहरवासीयाला समुद्रापर्यंत आणून सोडले, त्याच बांधकामाने कोळ्याची समुद्रात जाण्याची वाट अरुंद केली. मुंबईतील किनारी छंदाचा इतिहास हा अशा रीतीने भरावाच्या इतिहासाचा उपघटक आहे.

अलीकडील काळात याचा प्रत्यय किनारी रस्त्याच्या प्रकल्पात आला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राविषयीची मंजुरी रद्द केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांचा मुख्य आक्षेप क्लीव्हलँड बंदराजवळील पुलाच्या खांबांविषयी होता. खांबांमधील ६० मीटर अंतरातून लाटा व वारा असताना नौका सुरक्षितपणे नेता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दीर्घ आंदोलनानंतर २०२३ च्या प्रारंभी हे अंतर १२० मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. मच्छीमारांची मागणी याहून अधिक अंतराची होती. मार्च २०२४ पासून रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. सरत्या पावसाळ्यात परतणाऱ्या लहान नौकेला आडव्या वाऱ्यात किती रुंद वाट लागते, हा प्रश्न आराखड्याच्या सुरुवातीस विचारला गेला असता तर संघर्षाचा बराच भाग टळला असता.

५. नारळी पौर्णिमा आणि ३१ जुलै

पावसाळ्यात समुद्रात न जाण्याचा संकेत कायद्याहून जुना आहे. श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी मासेमारीचा नवा हंगाम सुरू करतात. ही तिथी इंग्रजी दिनदर्शिकेत स्थिर नसते. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला आली होती, तर अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये ३० ऑगस्टला. तिथीवर आधारलेल्या या मर्यादेत जवळजवळ चार आठवड्यांची लवचीकता आहे, मात्र ऑगस्टपूर्वी हंगाम सुरू न करण्याचा तिचा कल स्पष्ट आहे.

यांत्रिक नौका वाढल्यानंतर या संकेताला कायद्याचे रूप देणे भाग पडले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये संमत झाला. त्याखालील व्यवस्थेत १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असे. परंपरेतील तिथी आणि प्रशासनाची तारीख यांचा तो एक समंजस मेळ होता. पुढे किनारी राज्यांत समानता आणण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ २०१५ पासून रूढ झाला. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक नौका त्यातून वगळल्या आहेत.

समानतेचे प्रशासकीय लाभ नाकारता येत नाहीत. राज्याच्या हद्दीबाहेर, बारा सागरी मैलांपलीकडे, केंद्राचा अधिकार चालतो आणि शेजारच्या राज्यातील नौका आधी समुद्रात गेल्यास इथल्या मच्छीमाराचे नुकसान होते. परंतु हवामानाची नोंद वेगळे सांगते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. पाऊस लांबत असताना हंगामाचा प्रारंभ अलीकडे सरकला आहे. मच्छीमार संघटना बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवण्याची मागणी करीत आल्या आहेत, तिला या पार्श्वभूमीवर केवळ भावनिक म्हणता येणार नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धोका पत्करायचा की इतरांना आधी जाऊ द्यायचे, हा निर्णय कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या लहान नौकामालकाला घ्यावा लागतो.

६. हौस, उपजीविका आणि कायदा

या सर्व व्यवस्थेत किनाऱ्यावरील गळकरी कोठे बसतो? राज्याच्या कायद्याचा रोख नौका आणि जाळी यांवर आहे. खडकावर उभा राहिलेला माणूस त्याच्या कक्षेत सहजी येत नाही. अमेरिकेत खाऱ्या पाण्यातील हौशी गळकऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही २०१० मध्ये सुरू झाली, कारण काही जातींच्या माशांवर हौशी मासेमारीचा भार व्यावसायिक मासेमारीइतकाच असू शकतो, हे तेथे मोजणीतून लक्षात आले होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेनेही २०१२ मध्ये हौशी मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतात २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत हौशी मासेमारीला प्रोत्साहन देण्याचा घटक समाविष्ट आहे. म्हणजे प्रोत्साहन आले आहे, मोजणी मात्र मागे राहिली आहे.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. परवाना आणि नोंदणी यांचा मार्ग आपल्याकडे जसाच्या तसा उचलल्यास त्याचा पहिला फटका हौशी माणसाला न बसता, घरच्या कालवणापुरते गरवणाऱ्या गरिबाला बसेल. मुंबईच्या कठड्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाजवळ महागडी आयात काठी आणि दुसऱ्याजवळ डब्याला गुंडाळलेली दोरी असते. कायद्याच्या भाषेत दोघांची कृती एकच आहे. मानसोल्लासाच्या काळाप्रमाणे आजही भेद साधनात फारसा नसून स्थानात आहे, आणि धोरणाला तो ओळखता आला पाहिजे. विणीच्या काळातील जिताडा पाण्यात परत सोडण्याचा आग्रह हौशी माणसाकडे धरता येतो. ज्याच्या घरी त्या दिवशी तोच मासा शिजणार आहे, त्याच्याकडे तो त्याच शब्दांत धरता येत नाही.

निष्कर्ष

१. सरत्या पावसाळ्यातील मुंबईचा समुद्र ही एक स्वतंत्र नैसर्गिक अवस्था आहे. गढूळ पाणी, घटलेली क्षारता, उधाण आणि प्राणवायूची तूट यांच्या संदर्भातच तिचा विचार झाला पाहिजे.

२. हौशी व उपजीविकेची मासेमारी हा भेद साधनांचा नसून सामाजिक स्थानाचा आहे. वसाहतकालीन कायदे व अहवाल यांनी तो गोडे पाणी आणि खारे पाणी अशा विभागणीतून दृढ केला.

३. भरावाने निर्माण केलेल्या भिंतींनी छंदाला जागा दिली आणि कोळ्यांची जागा घेतली. यापुढील किनारी बांधकामांत या देवाणघेवाणीचा हिशेब आधी मांडला जावा.

४. बंदीची अखेरची तारीख ठरवताना तिथीच्या संकेतातील अनुभव आणि हवामानाच्या नव्या नोंदी या दोहोंचा पुनर्विचार व्हावा.

५. हौशी मासेमारीला प्रोत्साहन देण्यापूर्वी ती कोण करतो, कोणत्या महिन्यांत करतो आणि कोणते मासे धरतो याची साधी पाहणी होणे आवश्यक आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, भूगोल आणि इतिहास विभागांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतल्यास त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. भरतीचे कोष्टक, एक वही आणि श्रावण ते आश्विन एवढ्या काळातील नियमित उपस्थिती पुरेशी आहे.